जास्तीचं माप

८ जानेवारी

अहो,

पत्र बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. आज तुमच्या कारखान्याची गाडी पोती उतरवायला आली होती. ड्रायव्हरभाऊ चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, साहेबांना काही निरोप?" साहेब म्हणे! हसू दाबत म्हटलं, थांबा, दोन ओळी लिहूनच देते. फोनवर आपण "जेवलात का" आणि "जेवले" याच्या पुढे जातच नाही. तुमच्या मागे खोलीतली सगळी मंडळी कान टवकारून बसलेली, इकडे मालकीणबाई हिशेब करत बसलेल्या, आणि गोठ्यात रेंज नाही म्हणून मी हौदाच्या कठड्यावर उभी राहून ओरडणार. असं बोलण्यापेक्षा मुकं बरं.

इकडचं सगळं ठीक. गायींचं दूध विकायला जातं आणि त्यांच्या पिल्लांना तुमची पावडर, हे तुम्हाला माहीतच आहे. नवरा तिकडे पावडर मिसळतो, बायको इकडे तीच पाण्यात कालवून पाजते, आणि मध्ये एवढा रस्ता की गाडीला अख्खा दिवस पुरत नाही. काय संसार आहे आपला!

या खेपेला वासरं बरीच आहेत. एक हावरी आहे, ती बादलीसकट माझी बोटं खाते. एक म्हातारी आहे. जन्मली तीच कपाळाला आठ्या घालून. बादलीतून प्यायला शिकवताना किती दिवस माझी बोटं तोंडात दिली तेव्हा कुठे बाईसाहेबांनी दूध चाखलं.

आता एक सांगते, रागावू नका. तुमच्या पावडरीत दम नाही. वासरांच्या अंगावरचे केस उभेच्या उभे, कातडी सैल, उड्या नाहीत की धिंगाणा नाही. डॉक्टर येतात, लांबूनच बघतात आणि "थंडी आहे" म्हणून जातात. उंटावरून शेळ्या हाकणं यालाच म्हणतात. तुम्हीच बघा काय ते. एवढे मोठे मिसळणारे झालात ना?

संध्याकाळी बादल्या धुऊन पालथ्या घातल्या की काही काम उरत नाही. तेव्हा तुमची फार आठवण येते. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं आता.

मीच


२१ जानेवारी

बाईसाहेब,

तुझं पत्र ड्रायव्हरने सगळ्यांसमोर दिलं. खोलीतला घोरी (घोरतो म्हणून घोरी, बाकी माणूस सोन्यासारखा) म्हणाला, "वाच की मोठ्याने!" मी मिक्सरच्या मागे जाऊन वाचलं. मग जेवायच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. तू शेवटी लिहिलंस ते बरं केलंस.

पावडरीचं म्हणतेस त्यात तथ्य आहे. सध्या त्यात दुधाचा भाग कमी करून सोया वाढवलंय. आमच्या केमिस्टबाईंनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. प्रथिनं म्हणजे लहान लहान तुकड्यांची बांधणी. सोयात त्यातले दोन तुकडे कमी पडतात, एक लायसिन आणि दुसरा मिथिओनिन. गवंड्याकडे विटांचा ढीग आहे, पण कोपऱ्याचे दगड संपले, तर भिंत तिथेच थांबते की नाही? तसं वासराचं होतं. पोट भरतं पण अंग धरत नाही. म्हणून ही दोन आम्ही वरून घालतो. आणि ती वजन करून छोट्या मिक्सरमध्ये टाकण्याचं काम कुणाचं? माझं. बाकी सगळं मशीन करतं, एवढंच माणसाच्या हातात आहे.

तुमच्या गोठ्याचा लॉट वेगळा निघतो, चिठ्ठीवर नाव असतं. ते नाव दिसलं की मी उगाचच मिक्सर पुसून घेतो. पुढच्या लॉटची तू काळजी करू नकोस. मी बघतो काय करायचं ते.

आता खरी बातमी. कारखान्याच्या मागे कामगारांच्या घरांची रांग आहे. दोन खोल्या, पुढे ओटा. शेवटचं घर रिकामं होतंय. पर्मनंट झालेल्यालाच मिळतं, आणि माझे कागद साहेबांच्या टेबलावर आहेत. मार्चअखेर सही होईल म्हणतात. सही झाली की तू यायचंस. हे मी तुला विचारत नाही, सांगतोय. बरं, विचारतो. येशील ना?

तुझाच


४ फेब्रुवारी

अहो,

येशील ना म्हणे! मी इथे कुणाची वाट बघतेय असं तुम्हाला वाटतं, राजपुत्राची?

खिडकी कुठल्या बाजूला आहे? नळ आत की ओट्यावर? दाराला कडी नीट लागते का? पुरुषांना घर बघायला सांगितलं की छप्पर आहे एवढं बघून येतात. पुढच्या पत्रात सगळं नीट लिहा.

मालकीणबाईंना सांगून टाकलं, ही वासरं दुधावरून सुटली की मी जाणार. त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, "तुझ्यासारखा हात मला परत मिळायचा नाही." वाईट वाटलं, पण खरं सांगू? आतून गुदगुल्या होत होत्या.

काल नव्या लॉटचं पहिलं पोतं उघडलं. शिवण उसवली, आणि अहो, तुमचा शर्ट! सुट्टीवर आलात की तुमच्या शर्टाला तो वास असतो बघा, उकडलेल्या अंड्यासारखा, कितीही धुतला तरी काखेत राहणारा. मी नाक मुरडायचे आणि तुम्ही म्हणायचात, हाच आमचा अत्तराचा फाया. पोत्यातून तोच वास आला. मी पोत्यात तोंड घालून उभी राहिले. हावरीने मागून बाही ओढली तेव्हा भानावर आले. तोंडाला पावडर, डोळ्यांना पाणी, नुसता चिखल. धार काढणाऱ्या बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. हसू देत.

वासरं आज जरा सावकाश पितायत. नवीन पोतं असलं की दोन दिवस नखरे करतातच.

मीच


१७ फेब्रुवारी

बाईसाहेब,

तुझं पत्र वाचून मी दिवसभर तरंगत होतो. घोरी म्हणाला, "काय रे, लॉटरी लागली?" म्हटलं, लागली.

घर आतून बघून आलो. तिथली मंडळी सामान बांधत होती, त्यांनी चहा पाजला. खिडकी पूर्वेला, बाहेर एक झाड आहे, कसलं ते विचारायचं राहिलं. नळ आत. दाराची कडी लागते पण दार जरा उचलावं लागतं, ते मी रंधा मारून नीट करीन. आतल्या खोलीत भिंतीत फळी आहे, तिथे तुझे डबे. एक खिळा अगदी दारापाशी आहे, त्याला काय अडकवायचं ते तू ठरव. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात सगळं सामान लावून आलो. बाहेर पडताना त्या बाई म्हणाल्या, "सुखाने राहा."

वास आवडला म्हणतेस? मग या लॉटला तर तू डोळेच मिटशील. तुला आता सांगायला हरकत नाही, मी तुझ्या वासरांसाठी जरा हात सैल सोडलाय. कुणाच्या डोळ्यावर येण्यासारखं काही नाही. चांगल्याचं जास्त झालं तर बिघडतं काय? हावरीचे केस कसे आरशासारखे होतात ते कळव.

इथे सोबतीला बाई म्हणजे एकच, आमचा मोठा मिक्सर. दिवसभर गुरगुरते आणि मध्येच रुसून बंद पडते. तुझ्याशिवाय तसं काही कमी पडू नये, ही कारखान्याची कृपा.

तुझाच


१ मार्च

अहो,

म्हातारी गेली.

आधीपासून सांगते. तुमचा दुसरा लॉट सुरू केल्यापासून वासरं बादलीत तोंड घालतात आणि बाहेर काढतात. हावरीसुद्धा! बोटं दिली तर बोटं चोखते, पण बोटांबरोबर दूध आलं की मान फिरवते. मग शेण पातळ झालं. अंगं सुकली, कान गार. मी रोज बादल्या उकळत्या पाण्याने धुतल्या, दूध कोपरावर टाकून टाकून बघितलं, पेंढा सकाळ-संध्याकाळ बदलला. चमच्याने पाजलं. काय करायचं बाकी ठेवलं, सांगा.

म्हातारी परवा सकाळी उठलीच नाही. मी तिला मांडीवर घेऊन बसले. कपाळाला आठ्या तशाच. जीव गेला तरी मी बोटं तिच्या तोंडातून काढली नव्हती, धार काढणारीने येऊन माझा हात सोडवला.

डॉक्टर आले, या वेळी जवळ आले. म्हणाले, दूध कालवण्यात चूक होतेय, पाणी फार गरम किंवा बादल्या अस्वच्छ. सगळ्यांसमोर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर माझ्या बादल्या धार काढणारीच्या हातात. मालकीणबाई म्हणाल्या, "तू थोडे दिवस शेणाकडे बघ." अहो, मी एवढी वर्षं या वासरांना पाजतेय. माझ्या हातची वासरं आज गायी होऊन त्यांना दूध देतायत. आणि माझ्या हातातून बादली काढून घेतली.

बायका गप्प असतात आता. आधी हसायच्या ते बरं होतं.

तुम्ही असता तर तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून एकदा मनसोक्त रडले असते. इथे रडायलाही जागा नाही, गायी बघतात.

मीच


६ मार्च

गाडी आपली नाही, भाजीच्या ट्रकवाल्याच्या हाती पाठवतोय, म्हणून थोडंच.

ती पावडर बंद कर. आजच्या आज. काही विचारू नकोस. जुन्या लॉटची पोती उरली असतील तर ती वापर, नसतील तर मालकीणबाईंच्या हातापाया पडून गायीचं दूध घाल. तुझ्या हातात काही दोष नाही. एवढं मला माहीत आहे.

मी बरा आहे.


१२ मार्च

अहो,

काय केलंत हो तुम्ही?

तुमची चिठ्ठी यायच्या आधीच माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. शेणाच्या पाट्या उचलता उचलता मन कुठे थाऱ्यावर असतं? "हात सैल सोडलाय", हे तुमचंच वाक्य. आणि तो वास. पूर्वी कधी पोत्याला वास येत नव्हता, वास यायचा तो तुमच्या शर्टाला! मी वेडी पोत्यात तोंड घालून रडत बसले, आणि वासरं बिचारी तोंड फिरवून सांगत होती, बाई, यात काहीतरी आहे. त्यांना कळलं, मला नाही. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

कोपऱ्यात जुन्या लॉटचं अर्धं पोतं होतं. धार काढणारीचा डोळा चुकवून त्यातलं कालवलं आणि हावरीपुढे धरलं. आधी हुंगलं. मग अशी प्यायली, अशी प्यायली, की बादली आपटून फोडायची बाकी ठेवली. मी तिथेच खाली बसले.

अति तिथे माती, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का? माझ्या वासरांचं भलं करायला गेलात! हात दाखवून अवलक्षण. मी समोर असते तर तुमची चांगली हजेरी घेतली असती.

पण आता ऐका. मी सगळा विचार केलाय. तुम्ही तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मालकीणबाईंना मी सांगून टाकलंय की पाणी माझ्याकडून गरम व्हायचं, माझं लक्ष घराकडे लागलं होतं. त्यांनी मान हलवली. उरलेली पोती ओल लागली म्हणून याच गाडीत परत टाकली आहेत. उतरवून घ्या आणि कुणाला दिसायच्या आत काय ते करा. वासरांना सध्या गायीचं दूध देतायत, ती सावरतील.

मी काय, इथून जाणारच आहे. माझ्यामागे लोक म्हणतील, बाईचा हात बिघडला होता. म्हणू देत. मला काय त्यांच्यात राहायचंय? या महिन्यात तुमची सही होईल. पूर्वेची खिडकी, आत नळ. एवढ्याशासाठी गप्प बसता येत नाही का? मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. हे मागते.

मीच


२५ मार्च

बाईसाहेब,

तू मागितलंस आणि मी दिलं नाही. आधी तेवढं वाचून घे, मग पुढचं.

पोती गाडीतून मी एकट्यानेच उतरवली. मागच्या खड्ड्याजवळ नेऊन ठेवली, फावडं घेतलं. कुणी बघत नव्हतं, पाच मिनिटांचं काम होतं. पहिल्या पोत्यावर तुझ्या हातची शिवण होती, तू तोंड परत शिवून पाठवलं होतंस. परत पाठवायच्या, पुरून टाकायच्या पोत्यालासुद्धा इतकी सरळ शिवण! ही बाई वासराचं दूध गरम करताना चुकली, असं जग म्हणणार आणि मी पूर्वेच्या खिडकीत बसून चहा पिणार. नाही जमलं गं. पोतं खांद्यावर टाकलं आणि सरळ केमिस्टबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोतं उघडलं, वास घेतला आणि चष्मा काढून ठेवला. "किती घातलंत?" सांगितलं. "वासरू गेलं का?" सांगितलं. मग म्हणाल्या, "हा वास मिथिओनिनचा. ते जास्त झालं की जनावराची भूकच मरते. पोट रिकामं, अंगात त्राण नाही, त्यात हगवण लागली की लहान जीव टिकत नाही." आणि पुढे जे म्हणाल्या ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाल्या, "केस उभे आहेत, अंग धरत नाही, हे मला येऊन सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी तपासलं असतं." त्यांनी जुना नमुना काढून तपासला. कमी होतं ते लायसिन. मिथिओनिन पुरेसं होतं. म्हणजे बघ, तुझ्या वासरांना हवं होतं एक, आणि मी प्रेमाने ओतत होतो भलतंच.

तुला प्रश्न पडेल, न विचारता का घातलंत? तू लिहिलंस, तुमच्या पावडरीत दम नाही. चेष्टेत लिहिलंस, मला ठाऊक आहे. पण मला इतक्या लांबून तुझ्यासाठी करता येण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. ते एक माप तेवढं माझ्या हातात होतं.

साहेबांनी कागद परत फाइलमध्ये घातले. कामावरून काढलं नाही, केमिस्टबाई मध्ये पडल्या. पण मिक्सरला आता माझा हात लागणार नाही. मी लोडिंगला आहे, पोती गाडीत चढवतो. घर घोरीला मिळालं. त्याची बायको काल आली. मीच सामान उतरवून दिलं, दाराला रंधाही मारून दिला. आता ते घोरणं तिने ऐकावं.

तुमच्या मालकीणबाईंना कारखान्याचं पत्र गेलंय, त्यात सगळं स्पष्ट लिहिलंय. डॉक्टरांनाही त्याची नक्कल. या गाडीबरोबर नवा लॉट येतोय, तो केमिस्टबाईंनी स्वतः समोर उभं राहून करवलाय, लायसिन नीट घालून. निर्धास्त पाज.

लोक मला काय म्हणायचं ते म्हणोत, पण आयुष्यात मिरवण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट आहे, तुझा हात. ती मला घालवायची नव्हती. तुला राग येणार. ये म्हणायला मला आता तोंड नाही.

तुझाच


९ एप्रिल

बाईसाहेब,

गाडी परत आली. ड्रायव्हरला विचारलं, पत्र? तो म्हणाला, "वहिनी काही बोलल्या नाहीत. पोती मोजून घेतली आणि आत गेल्या." चहासुद्धा दुसऱ्या कुणी दिला म्हणे.

राग धर. पण वासरं कशी आहेत तेवढं कुणाकडून तरी कळव. हावरी पिते का?

आज त्या घराच्या ओट्यावर घोरीच्या बायकोने कपडे वाळत घातले होते. मी दुसऱ्या रस्त्याने गेलो.

तुझाच


२२ एप्रिल, गाडीत

अहो,

अक्षर वाकडंतिकडं आहे, वाचता येईल तेवढं वाचा. गाडी थांबली की लिहायचं, चालू झाली की पेन धरून बसायचं, असं चाललंय. हे पत्र मी तुमच्या हातात देईन ते निघताना. मी गेल्यावर वाचा. समोरासमोर हे मला बोलता येणार नाही, समोर आले की मी भांडणारच. तुम्हाला माहीत आहे मला.

मी पत्र का पाठवलं नाही? लिहिलं होतं. दोनदा लिहिलं आणि फाडलं. त्यात इतकं वाईट लिहिलं होतं की ड्रायव्हरभाऊंच्या हातात द्यायची लाज वाटली.

कारखान्याचं पत्र आलं त्या दिवशी मालकीणबाई शेणाच्या खड्ड्यापर्यंत चालत आल्या. हातात माझी बादली. सगळ्या बायका बघत होत्या. म्हणाल्या, "खोटं का बोललीस गं? पाणी गरम होतं असं का म्हणालीस?" त्यांनी बादली माझ्या हातात दिली आणि माझा हात धरून ठेवला, शेणाने भरलेला, तसाच. धार काढणारी डोळे पुसत होती. सगळ्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय. मी रडत होते ते घर गेलं म्हणून.

हेच सांगायचंय. तुम्ही मला फार मोठी समजता. पोत्याची शिवण बघून तुमचा जीव कळवळला. पण ती शिवण मी कशी घातली ते ऐका. म्हातारी माझ्या मांडीवर मेली होती, आणि मी शिवता शिवता विचार करत होते, दारापाशी जो खिळा आहे त्याला आरसा अडकवावा. अहो, आरसा! एक जीव गेला, माझा हात बदनाम झाला, आणि मला सगळं कबूल होतं, फक्त सकाळी उठल्यावर तुम्ही त्याच खोलीत दिसावेत. मी इतकी हपापलेली आहे. तुम्ही मला हातावरून ओळखता, आता हेही ओळखून ठेवा.

तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. हे एकदाच लिहितेय, पुन्हा तोंडाने वदवून घेऊ नका.

वासरं सावरली. नव्या पावडरीवर केस बसले, अंगावर हात फिरवला की सुळकन सरकतो. हावरी आता हिरवा चारा खाते आणि दुसऱ्यांचाही पळवते. या आठवड्यात बरीचशी दुधावरून सुटली. मालकीणबाईंनी विचारलं, "पावडर आता दुसऱ्या कारखान्याकडून घ्यावी का?" गाडी बंद तर पत्रं बंद. मी म्हटलं, चूक झाली तर आपणहून येऊन सांगणारा दुसरा कारखाना तुम्हाला मिळणार असेल तर जरूर घ्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "जा, गाडी रिकामी परत जातेय, बसून जा एकदा. पण लगेच ये, धाकटी वासरं अजून बादलीवर आहेत."

तेव्हा एकच दिवस आहे. गाडी भरून होईपर्यंत. खोली नाही, माहीत आहे मला. फाटकापाशी एखादा कठडा तरी असेल, तिथे बसू. मी भांडेन, तुम्ही ऐका. पुढच्या वर्षी कागद पुन्हा निघतात का, नाही तर तुम्हीच इकडे येता का, ते तेव्हा बोलू. नाहीच काही ठरलं तरी चालेल. शेजारी बसून नाही ठरलं, तरी पत्रातून ठरत नाही त्यापेक्षा ते बरं.

ड्रायव्हरभाऊ म्हणतायत, वहिनी, ते बघा आलं. गाडी फाटकातून आत वळतेय. लोडिंगचं अंगण दिसतंय. माणसं रांगेने पोती वाहतायत, सगळी पावडरीने पांढरी झालेली, एकासारखा एक. त्यातले शेवटचे तुम्ही. वाळलात हो. डाव्या खांद्यावर पोतं आहे, खाली मान घालून चालताय, आणि आमच्या गाडीला जागा करून देण्यासाठी बाजूला सरकून उभे राहिलात. आत कोण बसलंय ते तुम्ही बघितलेलंच नाही.

बघा ना वर.